ॲप नको, साधे पान हवे!

आमच्या गावातल्या मराठी मंडळाच्या मागील सर्वसाधारण सभेत एक ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे माझे एक मत वगळून. ते इतिवृत्तात आलेले नाही, म्हणून या अंकात नोंदवून ठेवतो. ठराव असा की, मंडळाने नागपूरच्या एखाद्या कंपनीकडून स्वतःचे 'ॲप' तयार करून घ्यावे, त्यासाठी पंच्याऐंशी हजार रुपये वर्गणी जमवावी, आणि त्या ॲपातून बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी या भागातल्या मराठी कुटुंबांनी आपली भाषा, आपले साहित्य व आपल्या उपवर मुलामुलींची माहिती यांचे जतन करावे. ('जतन' हा शब्द एका ठरावात तीनदा आला आहे. जतन करणाऱ्यांना शब्द मोजून वापरण्याची सवय नसते.)

मी उठून एवढेच विचारले, की कंपनी बुडाली किंवा पुढच्या वर्षीची रक्कम आपण भरली नाही, तर त्या ॲपातले साहित्य कोठे जाईल? सभेत नागपूरला शिकलेला एक तरुण अभियंता होता. माझाच विद्यार्थी. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, ते क्लाउडवर राहील." मंडळी हसली आणि चहा आला. आता ढगात ठेवलेल्या वस्तूचा भरवसा किती, हे वैनगंगेच्या काठी धान लावणाऱ्याला सांगावे लागत नाही. पण सभा आटोपली होती, म्हणून उरलेले येथे लिहितो.

मी संगणकाचा जाणकार नाही. हिंदीचा एम.ए. आहे, हिंदी माध्यमाच्या हायस्कुलाचा हेडमास्तर आहे, आणि घरी मराठी बोलतो. आपल्या जिल्ह्यात हा काही विचित्र योग नव्हे, घरोघरी हेच आहे. ज्या विषयात पदवी नाही त्यात बोलण्याचा अधिकार मला पोळलेल्या माणसाचा आहे, आणि तो कसा पोळला हे सांगितल्यावाचून पुढचे बोलणे पोकळ वाटेल.

माझ्या आत्याबाई तिरोडीकडच्या एका खेड्यात राहत. लिहिता-वाचता येत नसे. जात्यावर बसल्या की ओव्या सुरू. १९९४ आणि १९९५ च्या उन्हाळी सुट्ट्यांत मी त्यांच्याजवळ बसून एका दोनशे पानी वहीत त्या ओव्या उतरवून घेतल्या. मी नवा मास्तर होतो, उत्साह होता. एकूण दोनशे चौदा भरल्या. आत्याबाईंचा त्रागा एवढाच असे की, "अरे, दळल्याबिगर ओवी येत नाही, आणि तू तर दळूही देत नाहीस!" पुढे २००३ साली मंडळाची स्मरणिका निघाली तेव्हा त्या सगळ्या ओव्या तीत छापल्या. जुळणी संगणकावर झाली, याचे त्या काळी आम्हाला केवढे अप्रूप! वही प्रेसमध्ये गेली ती परत आली नाही. तीनशे प्रती निघाल्या, त्या वाटल्या गेल्या, काही लग्नांत अहेराबरोबर दिल्या गेल्या. प्रेसने एक सीडी दिली. ती मी कपाटात रेशमी कापडात गुंडाळून ठेवली. वही गेली तरी सीडी आहे, असे मनाचे समाधान. २००६ मध्ये आत्याबाई गेल्या.

२०१९ साली दुसरी आवृत्ती काढायचे ठरले तेव्हा सीडी उघडली. उघडली हो, उघडली नाही असे नाही. पण पडद्यावर जे आले त्यात रोमन अक्षरे होती, कंस होते, टक्क्याची चिन्हे होती, प्रश्नचिन्हे होती. देवनागरीचे एक अक्षर नव्हते. दोनशे चौदा ओव्या जणू कोणी खलबत्त्यात कुटून ठेवल्या होत्या.

असे का होते, हे मी त्यानंतर शिकलो, आणि प्रत्येक मराठी घराला ते ठाऊक असले पाहिजे असे माझे मत झाले. जुन्या काळच्या डीटीपीच्या फॉन्टांत संगणकाला मराठी मुळीच कळत नसे. रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवलेले असे, एवढेच. आपल्या मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांत आजही दिसणारा कृतिदेव फॉन्ट घ्या. त्यात रोमन 'डी'ची कळ दाबली की कागदावर 'क' उमटतो, पण संगणकाच्या पोटात 'डी'च साठतो. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळून पडतो आणि खालचा 'डी' दिसू लागतो. त्यात पुन्हा प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा. एकीचा 'क' तो दुसरीचा 'म'. फॉन्टचे नाव ठाऊक असेल तर रूपांतर करणारी साधने आज मिळतात. आमच्या फॉन्टचे नाव कोणाला आठवेना, आणि ज्यांना आठवले असते ती प्रेसच तोवर बंद झाली होती.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत दडवून ठेवले. रिद्धपूर आपल्यापासून फार दूर नाही, विदर्भातच आहे. लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा त्यामुळे कित्येक शतके पंथाबाहेरच्या मराठी माणसाला वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्या खटपटीने किल्ली हाती लागली तेव्हा कोठे कवाड उघडले. पण महानुभावांनी कुलूप लावले ते समजून उमजून, ग्रंथ वाचावेत म्हणून. आणि किल्ली पंथाजवळ शाबूत होती. आम्ही वीस-पंचवीस वर्षे हजारो पुस्तके, स्मरणिका, लग्नपत्रिका, दिवाळी अंक असेच कुलूपबंद करून ठेवले आणि किल्ली कोणाकडे आहे हेसुद्धा विचारले नाही.

शेवटी स्मरणिकेच्या प्रती शोधल्या. तीनशेपैकी तीन सापडल्या. दोहोंना वाळवी लागलेली, एकीची मधली पाने गायब. तिन्ही शेजारी ठेवून एकीतले भोक दुसरीने बुजवत दोनशे चौदापैकी एकशे सत्त्याण्णव ओव्या जुळल्या. सतरा गेल्या. त्या सतरांपैकी दोन-तीनचा पहिला चरण मला आठवतो, पुढचा आठवत नाही. या वयात रात्री जाग आली की तेवढेच चाळत पडतो.

म्हणून सभेत 'जतन' हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो.

आता कोणी म्हणेल, मास्तर, ते फॉन्ट गेले, आता युनिकोड आहे, तुमचे रडगाणे जुने झाले. बरोबर आहे. युनिकोडचा पहिला तक्ता १९९१ साली आला, त्यातली देवनागरी आपल्याच देशात १९८८ मध्ये ठरलेल्या 'इस्की' या मानकावर बेतलेली आहे. विंडोज २००० पासून घरच्या संगणकात मराठीची सोय आहे. म्हणजे आमची २००३ ची स्मरणिका छापली तेव्हाही ती सोय होती, आणि आम्ही तीनशे प्रती कुलूपबंद करत बसलो होतो! याचा दोष मी प्रेसला देत नाही. विचारायचे आम्ही होतो. विचारले नाही, कारण छापील पान सुंदर दिसत होते. आज ॲपाचे रंगीत चित्र पडद्यावर दाखवले तेव्हा तसेच सुंदर दिसत होते.

युनिकोडमध्ये टंकलेखन करायचे कसे, हा खरा प्रश्न आहे, आणि येथे आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे की उत्तर घरात पडून आहे. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीसाठी सीपीसीटीची परीक्षा असते. बालाघाटची किती पोरे हिंदी टायपिंगच्या क्लासला जातात ते सकाळी सातला स्टेशनच्या रस्त्याला उभे राहून मोजा. त्या परीक्षेत इनस्क्रिप्ट नावाची कळपाटी चालते. ही पाटी ८० च्या दशकात सरकारने ठरवली. तिची मांडणी वर्णमालेप्रमाणे आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. आणि (हे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही) हिंदीची आणि मराठीची पाटी एकच आहे! ज्या कळीवर 'ल' आहे, तिच्यावरच शिफ्ट दाबून 'ळ'. ज्या कळीवर 'र', तिच्यावर शिफ्ट दाबून आपला नुक्त्याचा 'ऱ'. नोकरीसाठी हिंदी शिकलेल्या बोटांना मराठी आपोआप येते. कोणती शिकवणी, कोणते ॲप, कोणता अनुदानाचा अर्ज लागतो सांगा?

या 'ळ' आणि 'ऱ' साठी मी एवढा का झगडतो, ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही. सीमेवरच्या माणसाला कळेल. आमची मुले फोनवर मराठी लिहितात ती रोमन लिपीत. रोमन लिपीत कला, काळा, काला आणि कळा या चारही शब्दांना तीच चार अक्षरे पुरतात. ऐकून ठाऊक असलेला माणूस ओळीवरून ओळखतो. पण ज्या पोराच्या शाळेत, बाजारात, बसमध्ये, मित्रांत 'ळ' नाहीच, तो कशावरून ओळखणार? दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांच्या, हा भेद रोमनमध्ये दिसतच नाही. भाषा मरते तेव्हा ढोल वाजत नाहीत, आधी एकेक अक्षर घरातून निघून जाते. आमच्या घरातून 'ळ' चा एक पाय उंबऱ्याबाहेर पडलेला मी पाहिला आहे: माझी नात मला 'बाला' अशी हाक मारायला सांगत होती, "आजोबा, बाळा नाही, बाला."

मग फोनवरची हुशार पाटी वापरा, असे तो अभियंता म्हणाला. ती शब्द सुचवते. सुचवते खरी. आपल्याकडे शेतातल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. गेल्या आषाढात मी चुलतभावाला निरोप पाठवला, "बोडीत पाणी नाही." पाटीने बोडीची 'बॉडी' केली. भावाने गोंदियाहून घाबऱ्या घाबऱ्या फोन केला, "भाऊ, कोणाला सलाईन लावली? कोणत्या दवाखान्यात?" हसण्यावारी नेण्यासारखे आहे, आम्ही हसलोच. पण विचार करा. बांधी, बोडी, सांदवाडी हे आपले शब्द. भंडारा, गोंदिया, बालाघाट या धानाच्या पट्ट्यातले. ज्या यंत्राने मराठी शिकली ती लिहिलेल्या मराठीतून. आपण हे शब्द कोठे लिहून ठेवलेच नाहीत, तर त्याला ते कोठून कळणार? त्याच्या लेखी बोडी ही चूक आहे. नातवंडांच्या लेखीही दहा वर्षांनी ती चूकच ठरेल, आणि दुरुस्त करणारे यंत्र त्यांच्या खिशात असेल.

तर मंडळाला माझे सांगणे असे की, पंच्याऐंशी हजार ठेवा बाजूला. विंडोजच्या प्रत्येक संगणकात नोटपॅड नावाची एक दरिद्री दिसणारी वही असते. तिच्यात रंग नाही. म्हणूनच ती मला आवडते. तिच्यात लिहिलेले केवळ अक्षर असते आणि ते यूटीएफ-८ मध्ये ठेवले की जगातल्या कोणत्याही संगणकात उघडते. २०१९ पासून तर विंडोजची ही वही आपण होऊन तसेच ठेवते, काही निवडावेही लागत नाही. अमेरिकेत मायकेल हार्ट नावाच्या विद्यार्थ्याने ४ जुलै १९७१ रोजी आपल्या देशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा असाच साध्या अक्षरांत विद्यापीठाच्या संगणकावर टंकून ठेवला. त्यातून गुटेनबर्ग प्रकल्प उभा राहिला. तेव्हाचा तो संगणक आज संग्रहालयातही शोधावा लागेल, पण तो जाहीरनामा माझ्या विद्यार्थ्याच्या स्वस्त फोनवर उघडतो. आमची २००३ ची सीडी उघडत नाही.

या साध्या अक्षराला जागा किती लागते तेही ऐका. देवनागरीचे एक चिन्ह म्हणजे तीन बाइट. आत्याबाईंच्या एकशे सत्त्याण्णव ओव्या, मी हिशेब केला, पन्नास-पंचावन्न किलोबाइटांत मावतात. सकाळी उठल्या उठल्या गुलाबाचे फूल आणि सुप्रभात असे चित्र आपण एकमेकांना पाठवतो, त्या एका चित्रात आत्याबाईंचे सारे आयुष्य दोन-तीनदा मावेल. आणि त्या फुलाला वास नसतोच.

हे झाले लिहून ठेवण्याचे. लोकांपुढे ठेवायचे कसे? त्यासाठी साधे पान. १९९१ साली स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सीमेवरच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातले पहिले संकेतस्थळ लोकांपुढे ठेवले (पाहा, तीही सीमेवरचीच मंडळी!), त्याची पाने आजही उघडतात, कारण त्यांत अक्षरे आणि दुवे यांखेरीज काही नाही. असे पान लिहिण्याच्या खुणा नववीतले पोर दुपारभरात शिकते. ठेवायला निओसिटीज सारखी फुकट जागा मिळते, स्वतःचे नाव हवे असेल तर वर्षाला हजार-बाराशे रुपये. २०१४ पासून पत्त्याच्या शेपटीला देवनागरीत '.भारत' सुद्धा लावता येते. मंडळाच्या वार्षिक चहाच्या खर्चात बसेल.

आणि एकट्यादुकट्याने केलेल्या अशा कामाने होते काय, असे ज्यांना वाटते त्यांनी मराठीचा इतिहास पाहावा. मायबोली १९९६ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी सुरू केले, तेव्हा महाराष्ट्रात किती जणांनी इंटरनेट हा शब्द ऐकला होता? आठवणीतली गाणी हे संकेतस्थळ अलका विभास यांनी उभे केले. एखाद्या जुन्या भावगीताचा कवी कोण, संगीत कोणाचे, हे आज घराघरात त्यावरूनच पाहतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, तो पगारी नोकरांनी लिहिलेला नाही. माझ्या टेबलावर मी तीन पाने कायम उघडी ठेवतो. एक, शिकागो विद्यापीठाने उघडा ठेवलेला मोल्सवर्थचा १८५७ चा कोश. दोन, त्याच ठिकाणचा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, ज्याचे खंड १९३२ पासून निघाले. छापील खंड मी जन्मभर विकत घेऊ शकलो नसतो. नागपूरच्या ग्रंथालयात जाऊन चिठ्ठीवर शब्द उतरवून आणत असे. आज शब्द टंकावा की अर्थ पुढ्यात. जाहिरात नाही, नाव-गाव विचारत नाही, 'आमचे ॲप उतरवून घ्या' अशी आर्जवे नाहीत. आणि तिसरे, जात्यावरच्या ओव्यांचे. हेमा राईरकर आणि गी पोइत्वां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत गेल्या. गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, आवाज सगळे. मावळ-मुळशीच्या बाया दळताना ऐकू येतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी शाळेच्या कार्यालयाचे दार आतून लावून घेतले होते.

आता उलट बाजू. जी मोठी, झगमगीत घरे होती त्यांचे काय झाले? जिओसिटीज वर लाखो लोकांनी आपली पाने मांडली होती, मालकाने २००९ च्या ऑक्टोबरात ती बंद केली. ऑर्कुटवर आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांनी गावाच्या नावाने मंडळे काढली होती, मी पाहिली आहेत. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट मिटले. गूगल प्लस २०१९ मध्ये गेले. हे जगातले धनाढ्य मालक. त्यांनाही जड झाले. आणि आपली नागपूरची कंपनी, तिचे भाडे थकलेले नसो म्हणजे मिळवली, आपल्या पंच्याऐंशी हजारांत सात पिढ्यांचे जतन करणार!

सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी मला अडवले ते असे: "मास्तरसाहेब, तुमच्या साध्या पानावर येणार कोण? लोक व्हॉट्सॲपवर आहेत." मुद्दा खोटा नाही. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात चारशे माणसे आहेत आणि माझ्या पानावर महिन्याला तितकी येत नाहीत. पण मी व्हॉट्सॲप टाकून द्या म्हणतच नाही. ते पोस्टमन आहे. पोस्टमनच्या हाती पत्र द्यावे, त्याच्या पिशवीत घराचे कागद ठेवू नयेत. पानाचा पत्ता गटात टाका, हवे त्याने उघडावे. परवाच एका काकांनी गटात वारासिवनीकडच्या जुन्या लग्नगीतांवर सुरेख लिहिले होते. तीन दिवसांनी शोधले तर त्यावर दोनशे फुले आणि एका राजकीय भांडणाचा ढीग पडलेला. काकांनी फोन बदलला, त्यांच्याकडेही ते उरले नाही. हे लेखन आज कोणाकडे आहे? कोणाकडे नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे आणि तो कोणी घेतला नाही, म्हणून मीच घेतो. एकट्या माणसाचे पान त्या माणसाबरोबर जाते. उद्या मी गेलो, वर्षाचे हजार रुपये कोणी भरले नाहीत, की संपले. हे खरे आहे. यावर उपाय आपल्या पूर्वजांचाच: नकला. ज्ञानेश्वरी टिकली ती एका पोथीमुळे नव्हे, गावोगाव नकला झाल्या म्हणून. साध्या अक्षरांची नकल क्षणात होते, पेनड्राइव्हवर, पुतण्याच्या संगणकावर, शाळेच्या कपाटात. इंटरनेट आर्काइव्ह ही १९९६ मध्ये सुरू झालेली संस्था जगभरची पाने साठवते, तिला आपला पत्ता द्यावा की तीही एक प्रत ठेवते. ॲपाची नकल करून पाहा बरे!

आणखी एक बोलून टाकतो, कडू लागले तर लागो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर आपली राजधानी होती आणि त्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी व मराठी दोन्ही राज्यभाषा होत्या. मग रेघ पडली. विदर्भ तिकडे गेला, बालाघाट इकडे राहिला. या रेघेवर गेली सत्तर वर्षे आपण भाषणे करीत आहोत. शासन मराठी शिकवत नाही, महाराष्ट्र आपल्याला विचारत नाही, साहित्य संमेलनात आपल्याला मागची खुर्ची. सगळे खरे असेल. पण आत्याबाईंच्या सतरा ओव्या भोपाळने घालवल्या नाहीत, मुंबईनेही नाही. त्या मी घालवल्या. वहीची प्रत काढली नाही, म्हणून. झेरॉक्सला तेव्हा पानाला रुपया पडत होता.

हिंदीशी माझे भांडण नाही, तिच्यावर माझे घर चालले आहे. लिपी एक, पाटी एक, पोरांची बोटे तीच. युनिकोडमध्ये तर हिंदीचा 'ल' आणि मराठीचा 'ल' हे एकच अक्षर आहे. वळण निराळे दिसते ते फॉन्टचे, जशी एकाच बाईने नऊवारी नेसावी किंवा पाचवारी. मुक्तासारखे चांगले फॉन्ट फुकट मिळतात. लिब्रेऑफिस फुकट मिळते, त्याच्या शब्दसूचीत आपल्या हाताने बोडी घाला, बांधी घाला, पुन्हा लाल रेघ येणार नाही. हे सारे पडून आहे आणि आपण पावती-पुस्तक छापायला टाकले आहे.

ठराव मंजूर झाला तो झाला. मी वर्गणी देणार नाही, हे अध्यक्षांना तोंडी सांगितले आहे, आता छापीलही सांगतो. माझ्या शाळेच्या संगणक-खोलीत आठ यंत्रे आहेत, पैकी पाच चालतात. गेल्या वर्षी रविवारी सकाळी येणाऱ्या चार मुलींनी (दोघींच्या घरी मराठी, एकीच्या घरी पोवारी, एकीच्या घरी छत्तीसगढी) आत्याबाईंच्या ओव्या इनस्क्रिप्टने टंकल्या. छत्तीसगढी मुलीच्या चुका सर्वांत कमी निघाल्या, कारण ती प्रत्येक अक्षर पाहून टंकत होती, बाकीच्या ऐकलेले टंकत होत्या. पान अगदी साधे आहे: पांढऱ्यावर काळे, वर आत्याबाईंचे नाव आणि गाव, खाली अनुक्रमांक घालून ओव्या. जेथे वाळवीने खाल्ले तेथे आम्ही टिंबे ठेवली आहेत, मनाने भरली नाहीत.

श्रावणात किरणापूरहून एका बाईंचा फोन आला. वय सत्तरीच्या पुढचे असावे. नातवाने पान उघडून वाचून दाखवले होते. म्हणाल्या, "गुरुजी, एकशे तेराव्या ओवीत तुम्ही टिंबं देल्ली ना, तिथं काय आहे ते मले येते. माझी सासू म्हणे." मी कागद-पेन्सिल शोधू लागलो तशी त्या म्हणाल्या, थांबा, असे आठवत नाही, आणि फोन बाजूला ठेवून त्यांनी कशावर तरी हात गोल गोल फिरवला असावा, कारण घासल्याचा आवाज येत होता. मग गायल्या. आत्याबाईंची चाल नव्हती, शब्दही एका ठिकाणी निराळा होता. त्यांच्याकडे बोडीऐवजी बांधी. मी आत्याबाईंच्या ओळीला हात लावला नाही. तिच्याखाली दुसरी ओळ घातली, किरणापूरचे नाव लिहिले आणि फाइल ठेवून दिली. उरल्या सोळा.